पडदा काळा झाला म्हणजे यंत्र मेलं असं नाही



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रातला लॅपटॉप बंद पडला. निदान आम्हांला तरी तसं वाटलं. गुरुवारी संध्याकाळी एका बाईंचं प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलं होतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्यांनी केलेल्या अर्जाची सोमवारी तारीख होती. शुक्रवारी सकाळी कार्यकर्तीने झाकण उघडून बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा फिरल्याचा आवाज आला, पण पडदा काळाच. दोनदा बंद करून पाहिलं, चार्जर काढून लावला, देवाचं नावही घेऊन झालं. काळा तो काळाच. दुसरीकडे कुठे प्रत काढून ठेवलेली नव्हती. हा आमचा निष्काळजीपणा, तो आधीच कबूल करते.

लॅपटॉप बारा वर्षांचा. एका हितचिंतकांच्या ऑफिसात नवीन यंत्रं आली तेव्हा देणगी म्हणून आमच्याकडे आला. आपल्यापैकी बहुतेक संघटनांचं असंच चालतं. कपाट कुणाचं, पंखा कुणाचा, संगणक कुणाचा. त्यामुळे दुखलं-खुपलं तरी नवं घ्यायचा विचार आपण सहजी करू शकत नाही.

मी यंत्र पिशवीत घालून बाजारातल्या एका दुकानात गेले. सोबत भाचा होता, स्कूटर चालवायला म्हणून आलेला. दुकानदार पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याशीच बोलला. यंत्र माझं, तक्रार मी सांगतेय, आणि उत्तर मात्र एकोणीस वर्षांच्या पोराला. काय झालं, कधी झालं, असं काही न विचारता त्याने एकदा बटण दाबलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. जुनं मॉडेल आहे, पार्ट मिळत नाहीत. नवीनच घ्या." आतल्या फायलींचं काय, असं मी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ठेवून जा मॅडम, बघतो. पासवर्ड या चिठ्ठीवर लिहा."

काउंटरमागच्या फळीवर लॅपटॉपची रांग होती. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली. तिच्यावर मालकाचं नाव, मोबाइल नंबर आणि पासवर्ड, ठसठशीत अक्षरांत. तिथे माझा हात थांबला.

त्या यंत्रात काय होतं ते सांगते. नऊ वर्षांत केंद्रात आलेल्या बायकांच्या जबान्या. कोण कुठे राहते, माहेर कुठलं, मुलं कुठल्या शाळेत, रात्री घराबाहेर काढल्यावर तिने कुणाकडे आसरा घेतला. तालुक्याच्या गावात कोण कुणाचा कोण लागतो हे सांगायला नको. ज्याच्या भीतीने एखादी बाई आमच्याकडे आली, तोच उद्या या काउंटरवर मोबाइलची काच बदलायला उभा असू शकतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचं नाव प्रसिद्ध करू नये असं कायदा सांगतो. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या २२८-अ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीतली नावं आणि मजकूर गुप्त ठेवायला सांगतं. ही गुप्तता पाळली जावी म्हणून आपण पोलिसांशी, वार्ताहरांशी, ऑफिसातल्या साहेबांशी भांडतो. आणि आपणच ती नावं एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून परक्या माणसाच्या स्वाधीन करायची? मी यंत्र परत पिशवीत घातलं आणि केंद्रात आले.

संध्याकाळी सगळ्याजणी त्या काळ्या पडद्याभोवती बसलो होतो. आमच्याकडे शिवणवर्ग घेणाऱ्या ताई आहेत, सातवी शिकलेल्या. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, "माझं मशीन अडलं तर मी आधी सुई बघते, मग दोरा, मग बॉबिन, मग पट्टा. सगळं मशीन थोडीच भंगारात देते? इथे दिवा लागतोय, पंखा फिरतोय. म्हणजे जीव आहे. अडलंय कुठे ते बघा ना."

मला वाटतं, पूर्ण प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच. आमच्याकडे पूर्वी येणारी एक मुलगी आता आयटीआयमध्ये शिकते. तिला फोन लावला आणि ताईंच्या पद्धतीने, एकेक गोष्ट बाजूला काढत आम्ही शोध सुरू केला. ते सगळं इथे लिहिते आहे, कारण ही वेळ तुमच्यावरही येणार.

सगळ्यांत आधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढायची आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत साठून राहिलेली वीज निघून जाते. मग फक्त चार्जर लावून बघायचं. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, ती वापरायचीही नाही. आमच्या बाबतीत एवढ्याने काही झालं नाही.

मग उजेड कमी-जास्त करायची बटणं पाहिली. कुणाचा तरी हात लागून उजेड शून्यावर गेलेला असू शकतो. टेबलावरची पर्सही दूर केली. हसू नका. झाकण मिटलं की यंत्र झोपतं, आणि झाकण मिटलंय हे ओळखण्यासाठी बऱ्याच लॅपटॉपमध्ये चुंबकाला दाद देणारा एक छोटा भाग असतो. चुंबकी बटणाची पर्स किंवा मोबाइलचं कव्हर नेमकं तिथे टेकलं तरी पडदा विझतो.

त्यानंतर खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपच्या या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. चित्र उमटवणारा थर वेगळा आणि त्याच्यामागे उजेड देणारा दिवा वेगळा. जुन्या यंत्रांत हा दिवा म्हणजे ट्यूबलाइटसारखी बारीक नळी असे, नंतरच्या यंत्रांत एलईडी आले. टॉर्चच्या उजेडात पुसटसं चित्र दिसलं तर चित्र येतंय, मागचा दिवा तेवढा गेलाय. आम्हांला पुसटही काही दिसलं नाही.

चौथी परीक्षा सगळ्यांत मोलाची ठरली: दुसरा पडदा जोडून बघणं. लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआयची चपटी खाच असते, त्याहून जुन्या यंत्रांत पंधरा भोकांची निळी व्हीजीए. शेजारच्या काकूंचा टीव्ही दोघींनी उचलून केंद्रात आणला, त्यांच्याच सेट-टॉप बॉक्सची केबल लावली. दारं लावली, पडदे ओढले, कारण आतल्या जबान्या टीव्हीवर झळकवायच्या नव्हत्या. विंडोजचं बटण आणि पी अशी दोन बटणं एकदम दाबली. चित्र दुसऱ्या पडद्याकडे पाठवायची ती खूण. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काकूंच्या टीव्हीवर आमच्या लॅपटॉपचं चित्र आलं. स्वच्छ, एक रेघही न हललेलं.

मदरबोर्ड गेला होता ना? मग हे चित्र कुठून आलं?

बाहेरच्या पडद्यावर चित्र नीट येतं याचा अर्थ यंत्राचं डोकं शाबूत आहे, दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा तिथवर जाणाऱ्या केबलीत आहे. बाहेरही चित्र आलं नसतं, तर सगळं बंद करून, चार्जर-बॅटरी काढून, खालचं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढून परत नीट बसवायची असते. तिच्या सोनेरी कडांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवतात आणि कचरा झटकून टाकतात. आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज पट्टीवर उतरत नाही. त्याउपर चित्र नाही, किंवा बाहेरच्या पडद्यावरही रेघा आणि रंगांचे पट्टे आले, तर दोष आतच आहे असं समजावं. तिथे मात्र जाणकाराकडेच जावं. जुना पडदा चालू असताना उघडू नये, त्या नळीच्या दिव्याला मोठ्या दाबाची वीज लागते.

शेवटी झाकण हळूहळू पुढे-मागे केलं. एका विशिष्ट कोनात लॅपटॉपचा पडदा क्षणभर लुकलुकला. चित्र नेणारी केबल बिजागरीतून जाते. बारा वर्षं दिवसातून दहा वेळा उघडझाप झाली की ती कुठेतरी दबते, झिजते. दोष सापडला होता.

त्याच रात्री टीव्हीकडे बघत आम्ही सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. सोमवारी प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल झालं. पुढे काय झालं ती त्या बाईंची गोष्ट आहे, ती मी इथे सांगणार नाही.

मंगळवारी दुसऱ्या एका कारागिराकडे गेले. जाण्याआधी आयटीआयच्या मुलीच्या सांगण्यावरून तळाचे दोन स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढली आणि कपाटात कुलपाखाली ठेवली. पडद्याच्या दुरुस्तीला डिस्क लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. कारागिराला म्हटलं, "बाहेरच्या पडद्यावर चित्र स्वच्छ येतं. झाकण हलवलं की लुकलुकतं. बिजागरीतली केबल बघा. मी इथेच बसते." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. भाचा आला नव्हता, त्यामुळे बोलणंही माझ्याशीच झालं. तासाभरात केबल बदलली, साडेसातशे रुपये घेतले, जुनी केबल माझ्या हातात दिली. हा लेख त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे.

आता मुद्द्याकडे येते.

हे सगळं मी मासिक बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या नाराज झाल्या. "आपण बायकांचे प्रश्न सोडवायला बसलोय की स्क्रू फिरवायला?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. केंद्रात दोन कार्यकर्त्या, दारात रांग, वर सरकारी नमुने भरायचे. त्यात हे कुठे? शिवाय घरातलं सगळं आपणच करायचं, बाहेरचंही आपणच, आणि आता यंत्रंही आपणच दुरुस्त करायची का, हाही प्रश्न रास्त आहे. प्रत्येकीने कारागीर व्हावं असं माझंही म्हणणं नाही. केबल मी बदललेली नाही, कारागिरानेच बदलली. ते त्याचं कौशल्य आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

पण दुरुस्ती वेगळी आणि निदान वेगळं. काय बिघडलंय हे सांगण्याचा अधिकार आपण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दिला, की टाकायचं काय, ठेवायचं काय, पैसे किती आणि गुपितं कुणाची, हे सगळं तोच ठरवतो. दवाखान्यात बाईला तिच्या शरीराबद्दल काही न सांगता पिशवी काढून टाकायचा सल्ला दिला जातो, तेव्हा आपण काय म्हणतो? आधी समजावून सांगा, दुसरं मत घेऊ द्या, शरीर तिचं आहे. डॉक्टर नकोत असं आपण कधीच म्हटलं नाही. डॉक्टरांसमोर बसताना बाईला प्रश्न विचारता आले पाहिजेत, एवढंच म्हटलं. दुकानाच्या काउंटरवरही मला तेवढंच हवं आहे.

आणि यंत्र म्हणजे पुरुषांचं काम हे कुणी ठरवलं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४५-४६ साली एनियाक नावाचा खोलीभर मोठा संगणक उभा राहिला. तो चालवण्याची गणितं बसवली ती सहा बायकांनी: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांना शिकवायला पुस्तक नव्हतं. नकाशे आणि आराखडे बघत त्या यंत्र शिकल्या. सुमारे १८,००० नळ्यांपैकी कुठली बिघडली इथपर्यंत माग काढण्याइतक्या त्या तयार झाल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा त्यांची नावं मात्र कुणी घेतली नाहीत. ती उजेडात यायला चाळीसेक वर्षं लागली.

एवढ्या लांब जायचं नसेल तर उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याकडे बघा. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमात दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईने, आणि पंप बिघडला की वाट बघायची सरकारी माणसाची, ही रीत त्यांनी मोडली. हातात पाना घेतलेल्या बाईला मग नोंद ठेवायला, हिशोब लिहायला अक्षरं हवीशी झाली. त्याच भागातून 'महिला डाकिया' हे पत्रक निघालं आणि २००२ साली चित्रकूटहून 'खबर लहरिया' हे गावच्या बायकांनी चालवलेलं वृत्तपत्र सुरू झालं. स्क्रू फिरवणं आणि बायकांचे प्रश्न यांत माझ्या ज्येष्ठ मैत्रिणीला दिसतं तेवढं अंतर मला दिसत नाही, ते यामुळे.

आणखी एक बाजू आहे. "नवीनच घ्या" म्हणताना जुनं कुठे जातं? भंगारात. भंगार कोण वेचतं, कोण फोडतं? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांमध्ये बायकाच जास्त आहेत हे आपल्याला माहीत आहे. जुन्या पडद्यातल्या त्या बारीक नळीत पारा असतो. आपण बिनकामाचं म्हणून टाकलेला पडदा हातमोज्यांशिवाय फोडणारी बाईही आपल्याच चळवळीतली आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समितीही नेमली. हा विषय ग्राहक पंचायतीवाल्यांचा म्हणून आपण सोडून देतो. पण यंत्र जुनं झालं हे ठरवतं कोण? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि सुस्थितीत चालणारी कितीतरी यंत्रं एका तारखेत 'जुनी' ठरली. त्यांच्यावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून ती वापरता येतात, हे आपल्याला दुकानात कुणी आपण होऊन सांगत नाही.

म्हणून आमच्या केंद्रात बैठकीत वाद घालून, शेवटी एकमताने, काही गोष्टी ठरल्या. जबान्यांची प्रत दर शुक्रवारी वेगळ्या डिस्कवर काढायची, ती डिस्क कुलपात राहील. कुठलंही यंत्र पासवर्डच्या चिठ्ठीसकट दुकानात ठेवायचं नाही. डिस्क काढून न्यायचं, आणि ते शक्य नसेल तर कुणीतरी शेजारी बसून राहायचं. लॅपटॉपची एक वही केली आहे. कधी काय बिघडलं, काय करून पाहिलं, कशाने सुरू झालं, पैसे किती गेले, हे तिच्यात लिहायचं. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी रक्कम ठेवायची. देणगीदार प्रशिक्षणाला पैसे देतात, दुरुस्तीला देत नाहीत, हे त्यांनाही आता स्पष्ट सांगायचं. आणि वर्षातून एक दिवस सगळ्याजणींनी मिळून एक मोडकं यंत्र उघडून बघायचं. पहिल्या वेळी शिकवायला आयटीआयची मुलगी आली होती. झाकण उघडायला सगळ्यांत आधी हात पुढे आला तो शिवणवर्गाच्या ताईंचा. आत डोकावून म्हणाल्या, "एवढंच होय? मला वाटलं होतं आत काय न काय असेल."

तुमच्या संघटनेत बंद पडलेली यंत्रं असतीलच, कपाटावर, धूळ खात, फडक्यात गुंडाळलेली. टाकण्याआधी एकदा दिवा लागतो का बघा. लागत असेल तर शेजारणीचा टीव्ही मागून आणा. काय सापडलं ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा, नाही सापडलं तर तेही लिहा.